आधी कोरे, मग औषधाचे

प्रयोगशाळेत बाईंना सगळे कुलूपबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पांढऱ्या कोटाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असे. त्या व्हरांड्यात शिरल्या की आधी जुडगा ऐकू येई आणि मग बाई दिसत, त्यामुळे गप्पा मारणाऱ्यांना पांगायला सवड मिळे. फ्रीजला कुलूप, रसायनांच्या कपाटाला कुलूप, आणि नुसत्या उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या कपाटालाही कुलूप. पाण्याला कशाला, असं एका नवख्याने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "दुसरीकडे घोळ घातला तर लगेच कळतो. पाण्यात घातला तर वर्षभर कळत नाही."

संशय हा त्यांचा स्वभाव होता, धंदा नंतर झाला. शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं उत्तर ही पोरगी पुन्हा सोडवून बघे, आणि वर्षातून एखादवेळी गुरुजी चुकत, त्यामुळे तर तिला आणखीच चेव येई. आईवडील लवकर गेले. साध्या आजाराने गेले, पण डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलं असं तिला पुढे बरीच वर्षं वाटत होतं. मोठ्या भावाने तिला सांभाळलं. भावाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आल्या, तेव्हा ही सातवी-आठवीत असेल. पहिल्याच आठवड्यात वहिनी आंघोळीला गेलेल्या बघून तिने त्यांची पेटी उघडली. परक्या घरची बाई, काय घेऊन आलीय ते बघायला नको?

वहिनी ओले केस घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. पोरीला वाटलं, आता बसणार पाठीत. वहिनी शेजारी येऊन बसल्या आणि पेटीतली एकेक वस्तू काढून दाखवायला लागल्या. ही साडी मावशीने दिली, हे शाळेतलं बक्षीस, ही औषधाची बाटली रिकामीच आहे, पण आकार छान आहे म्हणून ठेवलीय. सगळं दाखवून झाल्यावर म्हणाल्या, "वन्सं, आणखी काही बघायचं राहिलंय का?" शेंबड्या पोरीला वन्सं आणि अहो-जाहो. त्या दिवसापासून जगात एक माणूस असं झालं की ज्याच्यावर बाईंनी कधी पाळत ठेवली नाही. बाकी सगळ्यांवर ती कसर त्यांनी भरून काढली.

पुढे कॉलेजात गेल्यावर त्यांनी रोगप्रतिकारशास्त्र निवडलं. खरं म्हणजे त्या शास्त्रानेच त्यांना निवडलं असणार. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अंगभर हिंडत असतात आणि भेटेल त्याला हटकतात, तू घरचा की बाहेरचा? बाहेरचा निघाला की खलास. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाईंना आपलीच माणसं भेटल्यासारखा आनंद झाला. पण कर्करोगाची पेशी बाहेरची नसते. ती घरचीच, बिघडलेली. तिच्या शेजारून पांढऱ्या पेशी मान हलवून पुढे निघून जातात. या भोळेपणाचा बाईंना मनापासून राग येई. "नाकासमोर चोर उभाय आणि या त्याला नमस्कार घालतात," असं त्या वर्गात शिकवताना म्हणत, आणि पोरं हसली की त्यांच्याकडेही संशयाने बघत.

उंदरांवर प्रयोग करायला त्यांना शिकवलं म्हाताऱ्या सरांनी. सर म्हणजे त्या शास्त्रातलं जुनं खोड. हात थरथरायचे पण शिस्त कडक. त्यांचा एक नियम होता: आधी कोरे, मग औषधाचे. कोरे म्हणजे ज्यांना औषध दिलेलं नाही, नुसतं मिठाचं पाणी टोचलंय, असे उंदीर. आपलं औषध खरंच काम करतं का, हे त्यांच्याशी ताडून बघायचं असतं. आता औषधवाल्या उंदरांना आधी हात लावला आणि हातमोज्याला औषधाचा कण चिकटून कोऱ्यांकडे गेला, तर सगळंच मुसळ केरात. म्हणून दोघांनाही कर्करोगाच्या पेशी टोचायच्या दिवशी आधी सगळे कोरे पिंजरे आटपायचे आणि मग औषधवाल्यांकडे वळायचं. बाईंना हा नियम इतका पटला की सर गेल्यावरही त्यांनी तो कधी मोडला नाही. कणावरही संशय घेणारा माणूस त्यांना सरांआधी भेटलाच नव्हता.

आणि कितीतरी वर्षांनी, केस निम्मे पांढरे झाल्यावर, बाईंना तो मुखवटा सापडला. कर्करोगाच्या पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते बघून पांढऱ्या पेशींना ती घरचीच वाटते. लॅबमध्ये त्याला मुखवटाच म्हणायला लागले. बाईंनी त्या मुखवट्याला जाऊन चिकटेल, तो झाकून टाकेल असं एक औषध तयार केलं. ते उंदरांना टोचलं, दुसऱ्या दिवशी कर्करोगाच्या पेशी टोचल्या आणि वाट बघितली. कोऱ्यांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी आल्या. औषधवाल्यांच्या अंगावर हरभऱ्याएवढ्या, काहींना तर शोधाव्या लागल्या. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा केलं, स्वतःच्या हाताने. पुन्हा तेच. उंदीर बदलले, ऋतू बदलला, सुयांची कंपनी बदलली, तरी तेच. निबंध छापून आला, आणि जगातल्या ज्या मोजक्या माणसांना अशा गोष्टींत रस असतो त्यांच्यात बाईंचं नाव झालं.

दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली, तुमचं औषध थोडं पाठवा, आम्हीही करून बघतो. बाईंनी गोड शब्दांत नकार कळवला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणाऱ्या त्या नव्हत्या. त्यांच्याच लॅबमधल्या कुणालाही त्या प्रयोगाला हात लावू देत नसत. उंदीर उचलणं, कानातला बिल्ला बघणं, पुन्हा बघणं, बरगडीजवळचे केस भादरणं, टोचणं, पुन्हा बिल्ला बघणं, सगळं स्वतः. सकाळी बसल्या की दुपारचा चहा टळून जाई, पण घाई म्हणजे बेपर्वाई, असं त्यांचं ठाम मत होतं.

अशात वहिनींचं दुखणं उलटलं. भाऊ जाऊन काही वर्षं झाली होती आणि घरात या दोघीच होत्या. वहिनींच्या छातीतली गाठ पूर्वी एकदा काढून झाली होती. तिच्यानंतरची सलाईनवाटे द्यायची औषधंही झाली होती. आता मानेच्या खाली, हाडाच्या वरच्या खळग्यात, बोटाला काहीतरी लागायला लागलं. तपासण्या झाल्या. रुग्णालयातली डॉक्टरीण स्पष्ट बोलणारी होती. म्हणाली, "परत तीच सलाईन सुरू करू या. लगेच. निम्म्या जणींना चांगला गुण येतो."

नेमकं त्याच रुग्णालयात बाईंचं औषध पहिल्यांदा माणसांना द्यायचं घाटत होतं. ते विषारी नाही, हे तपासून झालं होतं. गाठ मुखवटेवाली हवी, आणि मधल्या काळात दुसरं औषध घेतलेलं नसावं, एवढ्या अटी होत्या. वहिनींच्या गाठीवर मुखवटा होता. ते बाईंनी स्वतः तपासलं होतं.

"मग मी थांबते," वहिनी डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "आमच्या वन्संचं औषध येतंय ना."

"किती थांबणार?" बाईंकडे बघत डॉक्टरीण म्हणाली. "गाठ थांबणार नाही."

"फार नाही थांबावं लागणार," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं.

थांबावं लागलं, कारण परवानगी देणाऱ्या समितीने एक शंका काढली. शंका रास्त होती, पण दुसऱ्याने काढली म्हणून बाईंना ती झोंबली. आजवरचे सगळे प्रयोग एकाच व्यक्तीच्या हातचे दिसतात, तेव्हा दुसऱ्या कुणाकडून तरी एकदा करून घ्या आणि मग माणसांना द्या, असं समितीचं म्हणणं पडलं. बाईंनी नाइलाजाने कपाट उघडलं आणि औषध लॅबमधल्या सगळ्यात अबोल मुलीच्या हातात दिलं. तिला सगळे घुमी म्हणत. पीएच.डी. करायला आली होती. कामात चटपटीत, तोंडात मात्र गुळणी धरल्यासारखी. बोलत नाही ती बाहेर काही सांगणारही नाही, असा बाईंचा हिशेब होता.

घुमीने प्रयोग केला. गाठी आल्या. कोऱ्यांनाही आल्या, औषधवाल्यांनाही आल्या, सारख्याच.

"कसं शक्य आहे?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," घुमी म्हणाली.

"तू काय केलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच."

आता हे एवढंसं उत्तर. दुसरी कुणी असती तर रडली असती, भांडली असती, निदान घाबरली असती. ही सरळ डोळ्यांत बघत उभी. बाईंना तिथेच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. त्यातच दोन दिवस आधी जिन्यात घुमी वरच्या मजल्यावरच्या माणसाशी बोलताना त्यांना दिसली होती. वरच्या मजल्यावर एक गोडबोल्या होता. त्याचीही लॅब कर्करोगाचीच, त्याचंही औषध त्याच रुग्णालयाच्या दारात उभं. बाईंचं अडलं की त्याचा नंबर लागणार, हे शेंबडं पोरही सांगेल. बाई दिसताच दोघं बोलायचे थांबले होते.

झालं, बाईंच्या डोक्यातली गिरणी सुरू झाली. घुमीने औषध बदललं असेल. उकळलं असेल. बाटली वर नेऊन दिली असेल आणि पाणी भरून आणलं असेल. बाईंनी उरलेलं औषध तपासलं, तर ते अस्सल निघालं. म्हणून संशय कमी झाला म्हणता? छे. म्हणजे पोरगी वाटते त्याहून हुशार आहे, एवढाच त्यातून बोध घेतला. त्या तिच्या आधी येऊन बसायला लागल्या. ती जेवायला गेली की तिचं टेबल बघायला लागल्या. संचालकांच्या कानावरही त्यांनी घातलं की या मुलीच्या हातावर माझा भरवसा नाही. ताकास तूर लागू न देता, नुसतं कानावर. एवढ्यानेसुद्धा एखाद्या पोरीची पीएच.डी. बुडू शकते हे त्यांना माहीत होतं. वहिनींची गाठ आता आरशात दिसायला लागली होती, आणि त्यापुढे पोरीची पीएच.डी. त्यांना मोठी वाटली नाही.

घरी वहिनी विचारत, "काय म्हणतंय औषध?"

"औषध ठीक आहे. माणसं ठीक नाहीत," बाई म्हणत.

"बरं," वहिनी म्हणत आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेत.

शेवटी बाईंनी सापळा लावला. पुन्हा एकदा प्रयोग करायचा. निम्मे उंदीर घुमीने टोचायचे आणि निम्मे बाईंनी, एकाच खोलीत, समोरासमोर. पण कुठल्या पिंजऱ्याला औषध दिलंय आणि कुठला कोरा, हे दोघींनाही माहीत नसणार. ते फक्त उंदीरमामाला माहीत असेल. उंदीरमामा म्हणजे प्राणीघराचा जुना नोकर. आदल्या दिवशी औषध किंवा मिठाचं पाणी तोच टोचणार आणि तोच वहीत लिहून ठेवणार. घुमीला न कळल्यामुळे तिला नेमक्या औषधवाल्यांत गडबड करता येणार नाही. सगळ्यांतच केली तर तिची निम्मी बाजू सपाट येईल आणि बाईंची निम्मी बाजू नेहमीसारखी. मग संचालकांपुढे दोन्ही बाजू ठेवायच्या, की संपलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

फक्त एका गोष्टीने बाई अडखळल्या. कोरे कुठले तेच माहीत नाही, तर आधी कोरे कसे घेणार? पण चोर पकडायचा तर नियमाला एकदा बगल द्यावी लागेल. त्यांनी प्रत्येक उंदरामागे हातमोजे बदलायचे ठरवलं, आणि त्यामुळे काम आणखीच लांबलं.

त्या दिवशी घुमीने आपले उंदीर भराभर उरकले आणि हात बांधून बसून राहिली. कर्करोगाच्या पेशींची नळी बर्फाच्या डब्यात उभी होती. बाई एकेक उंदीर घेत, बिल्ला दोनदा बघत, नळी हलवत, टोचत आणि अधूनमधून घुमीकडे बघत. ती काहीच करत नव्हती, याचाही त्यांना संशय आला.

काही आठवडे गेले. गाठी काढून मोजायचा दिवस उजाडला. आधी घुमीचे उंदीर झाले. सगळ्यांच्या गाठी सारख्या, जवळपास एकाच मापाच्या. बाई मनात म्हणाल्या, सापडलीस. मग त्यांनी आपले उंदीर घेतले. ज्या क्रमाने टोचले त्याच क्रमाने घेतले, कारण त्यांच्या हाताला दुसरा क्रम येतच नव्हता. पांढऱ्या ताटात गाठी ओळीने मांडत गेल्या. पहिल्या गाठी मोठ्या होत्या. मग जरा लहान. मग आणखी लहान. शेवटच्या तर हरभऱ्याएवढ्या. म्हणजे औषध खरं होतं. वहिनी वाचणार होत्या. मोठ्या गाठी कोऱ्यांच्या, लहान गाठी औषधवाल्यांच्या. दुसरं काय असणार?

"मामा, सांगा आता," त्या म्हणाल्या.

उंदीरमामा वही आणि पिंजरे बघत बघत ओळीने सांगायला लागला. "हा औषधाचा. हा कोरा. हा कोरा. हा औषधाचा. हाही औषधाचाच. हा कोरा..."

"थांबा. नीट बघून सांगा."

"नीटच सांगतोय, बाई."

मोठ्या गाठींत औषधवाले होते. लहान गाठींत कोरे होते. सगळं खिचडीसारखं मिसळलेलं. बाईंनी मामाकडे बघितलं, आणि काय सांगावं, एवढं सगळं समोर दिसत असताना त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हाही फितूर झाला. वरच्या मजल्यावरच्याने यालाही गाठलं. त्या तसं बोलल्याही. मामाने डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

घुमी ताटाकडे बघत होती. "बाई, माझ्यात सगळ्या सारख्या आल्यात," ती म्हणाली. "तुमच्यात उतरत्या आहेत. पण औषधाप्रमाणे नाहीत."

"मग कशाप्रमाणे?" बाई खेकसल्या.

उत्तर घुमीलाही माहीत नव्हतं. पण विचारता विचारताच बाईंना ते कळलं. उतरत्या होत्या त्या टोचण्याच्या क्रमाप्रमाणे. आधी टोचलेल्यांना मोठ्या, शेवटी टोचलेल्यांना लहान.

बाई उठल्या. त्यांनी त्याच कर्करोगाच्या पेशी घेतल्या, नेहमीसारख्या मोजल्या, नळीत भरल्या आणि नळी बर्फात ठेवली. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. उंदीर टोचायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढा वेळ नुसत्या बसून राहिल्या. लॅबमधली पोरं येत, बघत, परत जात. मग त्यांनी नळीतला एक थेंब काचेवर घेतला आणि त्यात निळा रंग मिसळला. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही, मेलेली घेते. ही चाचणी त्यांनी आयुष्यात असंख्य वेळा केली होती, पण नेहमी सुरुवातीला. शेवटी उरलेल्या पेशी तपासायचा प्रश्नच नव्हता. काम संपलं की त्या नळीत जंतुनाशक ओतत, कुणी चोरून नेऊ नये म्हणून.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळं निळं होतं.

आधी कोरे, म्हणून कोऱ्यांना ताज्या पेशी. मग औषधाचे, म्हणून त्यांच्या वाट्याला बर्फात बसून बसून मेलेल्या. मेलेल्या पेशींची गाठ कशी येणार? औषधाने काही केलंच नव्हतं. केलं होतं ते त्यांच्या सावकाश हातांनी आणि सरांच्या नियमाने. दुसरं कुणी झटपट काम करणारं असतं तर पहिल्याच वेळी पितळ उघडं पडलं असतं, पण दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नव्हता. बाहेरचे मागत होते त्यांना औषध दिलं नव्हतं. साप साप म्हणून त्यांनी सगळी भुई धोपटली होती. एक स्वतःचा हात तेवढा तपासायचा राहिला होता. त्या मुखवट्याने पांढऱ्या पेशी फसत असतील किंवा नसतीलही. बाई मात्र पुरत्या फसल्या होत्या.

त्यांनी मामाची माफी मागितली. मामा म्हणाला, "असू द्या," पण पुढचे काही दिवस तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. मग घुमीला बोलावलं. संचालकांकडे जाऊन सगळं सांगितल्याचं, औषध मागे घेत असल्याचं आणि तिच्याबद्दल बोललेलं खोटं होतं हेही सांगितल्याचं तिला सांगितलं. घुमीने मान हलवली.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "त्या दिवशी जिन्यात वरच्याशी काय बोलत होतीस?"

"जागा आहे का विचारत होते," घुमी म्हणाली. "इथे जीव गुदमरतो."

बाईंना तिचं म्हणणं पटलं. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून त्या घरी गेल्या. वाटभर त्या वहिनींना सांगायची वाक्यं जुळवत होत्या. त्यांना एवढंच कळत होतं की जिने आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तिचे कितीतरी आठवडे आपण फुकट घालवले. घरात पाऊल टाकायची त्यांना लाज वाटत होती.

वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. गळ्याभोवती उन्हाळ्यातही रुमाल गुंडाळलेला.

"वहिनी, औषध नाही," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "कधी नव्हतंच. माझी चूक होती. सगळी माझीच."

वहिनींनी पलंगावरची चादर उचलली. "दुसरं टोक धरा," त्या म्हणाल्या.

बाईंनी टोक धरलं. दोघींनी चादर ताणली, जवळ आल्या, घडी घातली, पुन्हा लांब गेल्या. तेवढ्यात बाईंनी सगळं सांगून टाकलं, बर्फाचा डबा, निळा रंग, सगळं. वहिनींना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

"तुम्ही माझ्यासाठी थांबलात," बाई म्हणाल्या, "आणि मी..."

"मी तुमच्या औषधासाठी थांबले नव्हते."

बाईंच्या हातातलं टोक सुटलं.

"मला ती सलाईन परत घ्यायची नव्हती," वहिनी म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही लॅबमध्ये असायचात. मी न्हाणीघरात जमिनीवर पडून असायचे. तुम्ही यायच्या आत उठून केस विंचरायचे. होते तेवढे. मला भीती वाटते, वन्सं. भीती वाटते म्हटलं की डॉक्टरीणबाई समजावत बसतात. नणंद औषध काढतेय म्हटलं की गप्प होतात. म्हणून म्हणायचे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. अख्ख्या जगाला खोदून खोदून विचारता. मला एकदा तरी विचारायचंत, की वहिनी, खरंच औषधासाठी थांबलाय का?"

"तुमच्यावर कशाला संशय घेऊ मी?"

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी खाली पडलेलं टोक उचलून घेतलं. "जगात एक माणूस होतं, ज्याला तुम्ही तपासत नव्हतात. मला ते फार आवडायचं. ते घालवायचं जिवावर आलं."

बाई पलंगावर बसल्या. त्यांना स्वतःचा राग आला, आणि या वेळी तो ढकलायला दुसरं कुणी सापडेना. त्या रडल्या. वहिनींनी रडू दिलं आणि उरलेली घडी एकटीने घातली.

"जुन्या औषधाने गुण येतो का?" वहिनींनी विचारलं. "खरं सांगा."

"निम्म्या जणींना येतो. आता उशीर झालाय, म्हणजे निम्म्याहून कमी."

"बरं. मग उद्या जाऊ."

बाईंनी डोळे पुसले आणि वहिनींच्या तोंडाकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. "आज उद्या म्हणताय," त्या म्हणाल्या, "आणि सकाळी म्हणाल डोकं दुखतंय."

वहिनी हसल्या. "म्हणेन बहुतेक," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकू नका."

सकाळी वहिनींनी डोक्यावरून पांघरूण घेतलं होतं. डोकं दुखतंय, त्या आतून म्हणाल्या, आज नको, परवा बघू. बाईंनी पांघरूण काढलं, त्यांच्या चपला पलंगापाशी आणून ठेवल्या आणि त्यांच्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही.